सायकलचा टायर घेताना आधी पांदण बघा



गेल्या पंधरवड्यात चौघांनी एकच गोष्ट विचारली. शाळा-कॉलेज सुरू होतंय, लेकराला सायकल घ्यायची आहे, कोणती घेऊ? जाड टायरची का बारीक? सव्वीसची का एकोणतीसची? या पानावर मी तण, पाऊस, सोयाबीन असलंच लिहितो. पण सायकल हेसुद्धा आपल्याकडं शेतीचंच अवजार आहे. दूध तिच्यावर जातं, घासाचा भारा तिच्यावर येतो आणि म्हातारी झाली की तिच्या पुढच्या चाकाचं कोळपं होतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं असं, की सायकल सगळ्यात शेवटी बघायची. आधी रस्ता मोजायचा. मग टायरची रुंदी ठरवायची, मग चाकाचं माप, आणि मग त्या मापात बसणारी सायकल शोधायची. आपण सगळे उलटं करतो. दुकानात रंग बघतो, लेकरू ज्या सायकलला हात लावतं ती उचलतो आणि रस्ता घरी आल्यावर आठवतो. बी घेताना आपण आधी जमीन बघतो ना? हलक्या रानात कोणती जात, भारी रानात कोणती, हे दुकानदाराला विचारत बसत नाही. तसंच हे.

आमच्या घरातलंच सांगतो. धाकट्या भावाची मुलगी गेल्या वर्षी अकरावीला गेली, सायन्सला. आमचा आखाडा गावापासून लांब आहे. एसटी आहे, पण ती पहिला तास बुडाल्यावर पोचते. म्हणून भावानं तालुक्याच्या एका दुकानातून साडेअकरा हजाराची चार इंच जाड टायरची सायकल आणली. दुकानदार म्हणाला, चिखलात, वाळूत, दगडात, कुठंही घाला. पोरगी खूश. गावातली पोरं बघायला आली.

जूनमध्ये दोन पाऊस पडले आणि तिसऱ्या दिवशी ती पांदणीत सायकल धरून उभी होती. चाक फिरतच नव्हतं. टायर आणि फ्रेम यांच्यात एक बोट जागा, ती चिखलानं गच्च. काडीनं चिखल उकरायचा, वीस पावलं जायचं, परत उकरायचं. ती सायकल आधीच अठरा-वीस किलोची, त्यात चिखल. पुढं डांबरी लागली तरी तो जाड टायर मऊ मातीत नांगर ओढल्यासारखा चालायचा. पोरगी घामाघूम होऊन कॉलेजात पोचायची, तीही उशिरा. ऑगस्टपर्यंत तिचे प्रॅक्टिकलचे बरेच दिवस बुडाले आणि भाऊ एका रात्री जेवताना म्हणाला, "होस्टेल झेपत नाही. घरीच राहू दे, बारावी बाहेरून करील." पोरगी ताटावरून उठून गेली. आमच्याकडं "बाहेरून" म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

मी दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढली आणि मीटर बघत तिचा रस्ता मोजला. आखाड्यापासून गावापर्यंत मातीची पांदण 1.4 किलोमीटर. गावापासून फाट्यापर्यंत मुरूम 2.1. फाट्यापासून कॉलेजपर्यंत डांबरी 5.5. एकूण 9 किलोमीटर. म्हणजे ज्या चिखलासाठी एवढा जाड टायर घेतला तो रस्त्याचा सहावा हिस्सा पण नाही. आणि त्या चिखलातसुद्धा तो टायर चालत नव्हता.

का चालत नव्हता, हे काळ्या रानात राहणाऱ्याला कळायला पाहिजे. आपल्या भारी जमिनीतली चिकणमाती माँटमोरिलोनाइट जातीची. पाणी पिते, फुगते, सुकली की भेगाळते. ती तीन अवस्थांत वेगवेगळी वागते. धो धो पाऊस चालू असतो तेव्हा वरचा थर राबडीसारखा पातळ असतो, त्यात चाक घसरतं पण माती फार धरत नाही. वाफसा झाल्यावर ती दबते पण चिकटत नाही. या दोन्हीच्या मधले जे एक-दोन दिवस असतात ते खरे वाईट. पायताणाला दोन-दोन किलो माती येते ती याच दिवसांत. तीच माती टायरला धरते. टायर जितका रुंद तितकी माती जास्त उचलली जाते, आणि बटणाचा टायर असेल तर बटणांच्या मधल्या खाचा आधी भरतात, मग त्या मातीला माती चिकटते. मडगार्डात आणि ब्रेकच्या पकडीत जाऊन ती दाबून बसते. अशा मातीत बारीक, साध्या नक्षीचा टायर आणि दोन्ही बाजूंनी अंगठा सहज जाईल एवढी मोकळी जागा, हेच त्यातल्या त्यात बरं. त्यानं चिखल टळत नाही, पण अडकायला वेळ लागतो.

वाळूचं गणित बरोबर उलटं. वाळू चिकटत नाही, ती सरकते. तिथं चाक बुडू नये म्हणून रुंद टायरच पाहिजे, आणि हवा कमी. माझा साडू रत्नागिरीकडं असतो. त्याच्याकडं समुद्राच्या पुळणीवर पर्यटकांना जाड टायरच्या सायकली भाड्यानं देतात, त्या मी बघितल्यात. तिथं तो टायर मस्त चालतो. म्हणजे टायर वाईट नाही. तो गोदावरीच्या पात्रात चालेल, पुळणीवर चालेल. आमच्या पांदणीचं सोयरिक जुळत नाही एवढंच.

आता हवेचं. कृषी सहायक आणि कृषी विद्यापीठातली मंडळी हे पान वाचतात, त्यांना हे पटेल. टायर जमिनीवर किती दाब देतो हे ढोबळमानानं त्याच्यातल्या हवेवर ठरतं. समजा मागच्या चाकावर 66 किलो वजन आहे, म्हणजे 145 पौंड. टायरात 50 पौंडाची हवा असेल तर जमिनीला टेकलेला भाग होतो साधारण 2.9 चौरस इंच. एका काडीपेटीएवढा. तीच हवा 10 पौंड असेल तर 14.5 चौरस इंच, पंजाएवढा. (टायरचा स्वतःचा ताठरपणा धरला तर आकडा थोडा हलेल, पण गणित हेच.) ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरात शेतकामाला बारा-चौदा पौंड हवा ठेवा, रान कमी दबेल, असं सांगतात ना? कारण हेच आहे. आणि तोच मऊ टायर सडकेवर न्या, डिझेल जास्त जातं. सायकलला डिझेल नसतं, तिथं पोरीचे पाय असतात.

जाता जाता एक गंमत. हवेच्या टायरचं पेटंट डनलॉप यांनी 1888 साली घेतलं. ते आयर्लंडात बेलफास्टला जनावरांचे डॉक्टर होते आणि पोराच्या तीनचाकीसाठी त्यांनी पहिला टायर बनवला. त्यांच्याही चाळीसेक वर्षं आधी थॉमसन नावाच्या गृहस्थानं हीच कल्पना नोंदवली होती, पण ती चालली नाही. आणि त्याच 1888 साली आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढं त्यांचं कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला. तेव्हा शेती आणि सायकलचं नातं मी काही आज जोडत नाही.

डांबरीवर बारीक आणि कडक टायर पळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. शहरातले हौशी सायकलवाले 25 मिलिमीटरचा टायर 90-100 पौंडावर चालवतात. तो आपल्याला नको. आपली डांबरी कागदावर डांबरी असते, खाली उघडी खडी. फार कडक टायर त्या खडीवर उड्या मारतो, ताकद वर-खाली होण्यात जाते आणि हाताला मुंग्या येतात. मुरमावर तर टायर थोडा रुंद आणि थोडा नरम असेल तर जास्त पळतो, कारण तो खडा गिळतो, खड्यावर चढत नाही. पण फार नरम केला की खडा टायर दाबून थेट रिंगला भिडतो आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. अशी जोडीची भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती असं समजा. मुरूम आणि फुटकी डांबरी मिळून रस्ता असेल तर 35 ते 45 मिलिमीटरच्या टायरसारखं दुसरं काही नाही. सगळा मोठ्या खडीचाच रस्ता असेल, घाट-उतार असेल, तर दोन इंची बटणाचा घ्या.

हवा किती, हे मोजायला गावातल्या पंपाला काटा नसतो, असला तरी खरं सांगत नाही. त्यापेक्षा दप्तर, डबा, जे काय रोज असतं ते लादून सायकलवर बसा आणि दुसऱ्याला मागचा टायर बघायला सांगा. टायरची जी उंची आहे ती साधारण सहाव्या-सातव्या हिश्शानं दबली पाहिजे. 37 मिलिमीटरचा टायर असेल तर पाच-सहा मिलिमीटर. अजिबात दबला नाही तर हवा जास्त, बाजूनं ढेरी सुटली तर कमी. पुढच्या चाकावर वजन कमी असतं, तिथं हवा थोडी कमीच ठेवा. आणि टायरच्या अंगावर जो जास्तीत जास्त आकडा छापलेला असतो त्याच्या पलीकडं मात्र जाऊ नका.

चाकाच्या मापाकडं येतो. इथं लोक सगळ्यात जास्त फसतात. दुकानदार "बावीसची सायकल" म्हणतो ती कधी कधी फ्रेमची उंची असते, चाकाचं माप नसतं. आणि सव्वीस म्हणजे एकच सव्वीस नाही. 26 × 1⅜ आणि 26 × 1.95 हे दोन टायर शेजारी उभे केले तर बाहेरून जवळपास सारखे दिसतात. पण हे 26 बाहेरच्या उंचीवरून पडलेलं नाव आहे, टायर बसतो तो रिंगवर. पहिल्याची रिंग 590 मिलिमीटरची, दुसऱ्याची 559. तब्बल 31 मिलिमीटरचा फरक. एकाचा टायर दुसऱ्यावर कुठल्याच मिस्त्रीकडून चढत नाही. ध्यानात ठेवायची खूण अशी, की अपूर्णांकाचा 26 वेगळा आणि दशांशाचा 26 वेगळा. पोरांच्या 20 आणि 24 च्या चाकांनाही हाच घोळ आहे.

म्हणून टायरच्या अंगावर बारीक अक्षरात दोन आकडे असतात ते वाचा. 37-590 म्हणजे टायर 37 मिलिमीटर रुंद आणि 590 च्या रिंगचा. दूधवाल्याची काळी मोठी सायकल, 28 × 1½, तिच्यावर 40-635 असतं. 700 सी आणि 29 या दोघांची रिंग 622 ची. साडेसत्तावीसची 584. गंमत बघा, 28 ची रिंग 29 च्या रिंगपेक्षा मोठी आहे! नावावर जाल तर फसाल. दुकानात जाताना जुन्या टायरचा हा मागचा आकडा वहीत लिहून न्या.

मोठं चाक चांगलं का लहान? आपल्या बैलगाडीची चाकं एवढी मोठी का ठेवली होती, त्यातच उत्तर आहे. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, ढेकळावरून सहज जातं. लहान चाक प्रत्येक खड्ड्याचा तळ बघून येतं. पण लहान चाक मजबूत असतं आणि उचलायला हलकं. दूध घालणाऱ्यांची 28 ची सायकल दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन घेऊन वर्षानुवर्षं टिकते, कारण त्या जुन्या सायकलींना मागच्या चाकाला 40 तारा असतात आणि पुढच्याला 32. ज्याच्यावर वजन त्याला जास्त तारा. आता बऱ्याच सायकलींना दोन्हीकडं 36 दिसतात. कॅरेजवर खताचं पोतं टाकणार असाल तर घेतानाच मागच्या तारा मोजा. ते गिअर-बिअर नंतर बघा.

लहान पोरांसाठी "वाढत्या अंगाची" मोठी सायकल घेऊ नका. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. नाही टेकले तर पोरगं ट्रॅक्टर बघून घाबरतं आणि पडतं.

पुतणीचं पुढं काय झालं ते सांगतो. ती जाड टायरची सायकल आम्ही घाट्यात विकली. त्यातल्या पैशात 26 × 1⅜ ची साधी लेडीज सायकल घेतली, जुनी. रिंगचा आऊट काढून घेतला, दोन्ही टायर नवे टाकले, साध्या नक्षीचे. हाच आकार का? 37 मिलिमीटर रुंदी मुरमाला आणि डांबरीला दोन्हीला पुरते. आणि दुसरं कारण त्याहून मोठं. हा टायर आमच्या आठवडी बाजारात मिळतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी टायर फाटला तर संध्याकाळपर्यंत नवा बसला पाहिजे. 29 चा टायर आणायला आम्हाला जिल्ह्याला जावं लागतं, आणि मिळेलच असं नाही. जो टायर तुमच्या तालुक्यात मिळत नाही तो कितीही भारी असला तरी लेकराच्या शाळेसाठी घेऊ नका.

राहिली पांदण. पोटऱ्यापर्यंत चिखल असताना 1.4 किलोमीटर कुठलाच टायर पार करत नाही, हे मान्य करून टाकलं. जून ते सप्टेंबर सायकल गावात चुलत्याच्या ओसरीला राहते. पोरगी पांदण चालत येते, हातात चपला, ओसरीवर पाय धुते आणि तिथून सायकल. पुढचं मडगार्ड पावसाळ्यापुरतं काढून ठेवतो. सात-साडेसात किलोमीटरला तिला तीस-पस्तीस मिनिटं लागतात. आता ती बारावीत आहे, रोज जाते, आणि "बाहेरून"चा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. पांदणीवर मुरूम पडला तर सायकल आखाड्यापर्यंत येईल. तो विषय ग्रामसभेत दोनदा मांडून झालाय, या वेळी परत मांडणार आहे. या वेळी मोजलेले किलोमीटर आणि कोणत्या घरातली किती लेकरं त्या वाटेनं जातात ते लिहून नेतो.

पाऊस उघडल्यावर दुसरी पीडा सुरू होते, ती काट्यांची. सप्टेंबरपर्यंत सराटा हिरवा पसरलेला असतो, ऑक्टोबरनंतर त्याची फळं वाळून वाटेवर पडतात आणि कशीही पडली तरी एक काटा वर राहतोच. टायर बारीक असो का जाड, सराटा कोणाला सोडत नाही. वेड्या बाभळीचा काटा तर साध्या टायरातून आरपार जातो. उपाय जुनाच आहे. फाटकी ट्यूब फेकू नका. तिची लांबवर पट्टी कापायची, वॉलच्या जागी भोक पाडायचं आणि टायर व ट्यूबच्या मध्ये बसवायची. सायकल किंचित जड चालते, पण आमच्या पोरीचं पंक्चर आठवड्याला एक होतं ते दोन-अडीच महिन्यांवर गेलं. पट्टीची टोकं एकमेकांवर चढवताना तासून पातळ करा, नाहीतर तीच कड ट्यूब खाते. आणि पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढलाय का बघा. बोट हळू फिरवा.

मागचा टायर पुढच्याच्या दुप्पट वेगानं झिजतो. तो गुळगुळीत व्हायच्या आधी पुढचा मागं आणि मागचा पुढं केला तर जोडी सारखी चालते. मात्र मागच्याला चीर पडली असेल तर तो पुढं टाकू नका. मागचा फुटला तर सायकल थांबते, पुढचा फुटला तर माणूस पडतो.

कोळप्याबद्दल दोघांनी विचारलं होतं, ते थोडक्यात सांगतो. सायकल कोळप्याला टायर लागत नाही. नुसती रिंग वाफशावर माती कमी धरते. 26 ची रिंग ढेकळावरून हलकी जाते, 20 ची दर ढेकळाला अडते आणि तुमचा खांदा दुखतो. सोयाबीनच्या 45 सेंटीमीटरच्या ओळीत नऊ इंची पास लावा, दोन्ही बाजूंना झाडाला जागा राहते. रिंग गंजलेली चालेल, पण एक्सलच्या गोट्या मात्र नव्या टाका, पन्नास-साठ रुपयांचं काम आहे.